कंकणग्रहणाची यात्रा

ग्रहण पाहावयासाठीं कोणी घर सोडून पांचशें कोसांवर जावें, हें आमच्या वडिलांच्या कानीं गेलें असतें तर त्यांनीं आम्हांस खुळ्यांत काढलें असतें. ग्रहणाची यात्रा त्यांसही ठाऊक होती; परंतु ती कुरुक्षेत्राची, किंवा गेला बाजार वाईच्या गणपतीच्या घाटाची. स्पर्श झाला कीं स्नान, मग मोक्ष होईपर्यंत जप, मोक्षानंतर पुनः स्नान आणि यथाशक्ति दान, एवढें त्यांचें ग्रहण. सूर्याच्या तोंडाकडे पाहणें त्यांत कोठेंच येत नसे. आम्हीं मात्र वयाच्या बासष्टाव्या वर्षीं केवळ तेवढ्यासाठीं वळकटी बांधली.

झालें तें असें. पुण्यांतील एका प्रवासी मंडळीनें २०१९ सालच्या डिसेंबरांत चोळदेशांतील देवालयें दाखविणारा एक प्रवास आंखला होता, आणि त्यांतील एक दिवस, गुरुवार ता. २६, मार्गशीर्ष अमावास्या, असा साधला होता कीं त्या सकाळीं प्रवासी कंकणग्रहणाच्या पट्ट्याच्या मधोमध उभे असावेत. ही जाहिरात आमच्या कन्येच्या दृष्टीस पडली. तिनें आम्हां उभयतांचे पैसे परस्पर भरून टाकले व मग आम्हांस कळविलें. "बाबा, छत्तीस वर्षें संत्रें आणि दिवा घेऊन मुलांना ग्रहण शिकविलेंत, आतां एकदां खरें पाहून या," असें तिचें म्हणणें. तें खरेंच होतें. आम्हीं ग्रहण शिकविलें होतें, पाहिलें नव्हतें.

घरांतील मुलांसाठीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. चंद्राची कक्षा शुद्ध वर्तुळ नाहीं; तो कधीं पृथ्वीच्या जवळ असतो, कधीं दूर. जवळ असतां तो सूर्यबिंब सबंध झांकूं शकतो व खग्रास ग्रहण होतें. दूर असतां त्याचें बिंब किंचित् लहान पडतें, आणि मध्यकाळीं सूर्याची कड बांगडीसारखी भोंवतीं शिल्लक राहते. या खेपेस चंद्रबिंबाचा व्यास सूर्यबिंबाच्या व्यासाच्या शेंकडा ९७ इतका होता. हें कंकण सर्वांस दिसत नाहीं. आपल्या देशांत तें शंभर-सव्वाशें किलोमीटर रुंदीच्या एका पट्ट्यांतच दिसणार होतें. तो पट्टा अरबस्तानांतून निघून समुद्र ओलांडीत कासरगोडच्या बाजूस किनाऱ्याला लागला, निलगिरी, कोइंबतूर व दिंडीगुल यांवरून गेला, आणि पुढें जाफना, सुमात्रा व सिंगापूर यांकडे वळला. इतरत्र तें खंडग्रास.

आम्ही अठ्ठावीस प्रवासी होतों. त्यांत बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ, दोन डॉक्टरीणबाई, दुर्बीण पोटाशीं धरून झोंपणारा एक तरुण, आणि उरलेली आमच्यासारखी पेन्शनर मंडळी. बरोबर मंडळीचा एक उमदा व्यवस्थापक व दोन आचारी. मराठी माणूस देव पाहावयास कोठेंही जाईल, परंतु वरणभात मागें टाकून जाणार नाहीं, हें या प्रवासी मंडळींनीं पुरतें ओळखलें आहे.

ता. २० ला दुपारीं पुणें सोडलें. दौंड मागें पडून गाडी कुर्डुवाडीकडे निघाली म्हणजे वाटेंत जेऊर लागतें. आमची गाडी तेथें थांबली नाहीं. दिवेलागणीच्या सुमारास पाटी खिडकीवरून सरकून गेली, एवढेंच. परंतु ती दिसावी म्हणून आम्ही दौंडापासून खिडकी धरून बसलों होतों. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं या आडबाजूच्या गांवावरून खग्रास ग्रहणाची सावली गेली. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीं आपलीं यंत्रें आणून येथें मांडलीं होतीं; अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचाही तळ येथेंच पडला होता. इलाखा प्लेगनें हैराण झालेला, आणि अशा दिवसांत माळावर तंबू ठोकून ही मंडळी दोन मिनिटांच्या काळोखाची वाट पाहत होती. त्याच दिवशीं कोंकणांत विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर उतरले होते. हेलियमचा शोध १८६८ सालीं त्यांना विजयदुर्गावर लागला, असें आपल्याकडे वारंवार छापून येतें. वस्तुतः १८६८ त लॉकियर इंग्लंडांतच होते. विजयदुर्गास ते आले तें तीस वर्षांनीं, या १८९८ च्या ग्रहणास. मास्तरकीची खोड आहे, चूक दिसली कीं तांबडी शाई आठवते. वाचकांनीं क्षमा करावी.

रायचूर मध्यरात्रीनंतर आलें.

या गांवाचें नांव आमच्या घरांत एकोणचाळीस वर्षें कोणीं काढलें नव्हतें. ता. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं, माघ अमावास्येस, तिसऱ्या प्रहरीं रायचूर येथें खग्रास ग्रहण दिसलें. आम्ही तेव्हां तेवीस वर्षांचे, नुकते शाळेंत लागलेले. एका सहाध्यायानें रायचूरचीं दोन तिकिटें काढून आणलीं होतीं. परंतु घरांत सौ. ला पांचवा महिना होता, आणि आईनें सांगितलें, "बायको गर्भार असतां तूं ग्रहण बघायला जाणार? पाऊल टाकून तर बघ." आम्हीं पाऊल टाकलें नाहीं. तिकीट परत केलें. त्या दिवशीं मुंबई-पुण्याचे रस्तेसुद्धां ओस पडले होते, मग वाईची काय कथा! आईनें सौ. ला माजघरांत पाटावर बसविलें, खिडकी लावून घेतली, आणि बजावलें कीं ग्रहण सुटेपर्यंत कांहीं चिरावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं, दुमडावयाचें नाहीं, हात मांडीवरून हालवावयाचा नाहीं. आम्ही ओसरीवर दाराशीं बसून राहिलों. पुढच्या आठवड्यांत शाळेंत दिवा व संत्रें घेऊन आम्हीं सातवीच्या वर्गास ग्रहणाचें कारण उत्तम समजावून दिलें.

जूनमध्यें कन्या झाली. सुदृढ, गोरी, मात्र उजव्या कानाची पाळी वरच्या बाजूस किंचित् दुमडलेली. असे कान पुष्कळांस असतात. त्यानें ऐकूं येण्यास कांहींच बाध येत नाहीं. परंतु आईनें ती पाळी पाहिली आणि म्हणाली, "ग्रहणांत हिनें हात हालवला असेल." हें ती पुढें अनेकदां म्हणाली, बारशास म्हणाली, मुलीचे कान टोंचले तेव्हां म्हणाली, पाहुण्यांपुढें म्हणाली. आई जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. आमचा समज असा कीं ती गोष्टही तिच्याबरोबर गेली.

गाडी रायचुरास उभी होती. डब्यांत सगळे निजले होते. समोरच्या बाकावरून सौ. म्हणाली, "हेंच ना तें रायचूर?"

आम्हीं होय म्हटलें.

"अहो, त्या दिवशीं मीं हात हालवला होता."

आम्ही उठून बसलों. ती निजल्या जागेवरूनच सांगूं लागली. माजघरांत अंधार होता, परंतु कौलांच्या फटींतून नेहमीसारखे कवडसे पडले होते. एरव्हीं ते वाटोळे असतात. त्या दिवशीं पाहतां पाहतां ते एका बाजूनें झिजूं लागले, आणि थोड्या वेळानें सारवलेल्या भुईवर जिकडे तिकडे चंद्राच्या कोरी पडल्या. पन्नास असतील, साठ असतील. त्यांतली एक तिच्या पाटापाशीं आली. "मीं हात पुढें केला. ती तळहातावर आली. आणि मीं मूठ मिटली."

खिडकीबाहेर कोणी चहा घेऊन हिंडत होता. आम्हीं आमच्या नेहमीच्या आवाजांत सांगावयास आरंभ केला कीं त्या कोरी म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा होत; सूक्ष्म छिद्रांतून जाणारा प्रकाश बिंबाचा आकार घेऊन पडतो; आणि मूठ मिटण्याचा व गर्भाच्या कानाचा —

"तें मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही ओसरीवर पोरांना शिकवीत होतां, तें मी स्वयंपाकघरांतून दरवर्षीं ऐकत होतें. मला एवढेंच विचारायचें होतें, कीं सासूबाई बोलायच्या तेव्हां तुम्ही गप्प कां बसत होतां?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. गाडी हालली. थोड्या वेळानें तिला झोंप लागली. आम्हांस गुंटकल गेलें तरी लागली नाहीं. ज्या ग्रहणास मुकल्याची हळहळ आम्हीं एकोणचाळीस वर्षें बाळगली, तें आमच्याच माजघरांत, आमच्या पाठीमागें दहा हातांवर, तिनें पाहिलें होतें, हाही विचार त्या रात्रीं राहून राहून येत होता.

चेन्नईहून मोटारीनें कुंभकोणास आलों. या गांवाच्या आसपास कावेरीच्या पाटांमध्यें नवग्रहांचीं नऊ क्षेत्रें आहेत, आणि ग्रहणाच्या यात्रेस याहून उचित प्रस्तावना कोणती असणार? सूर्यनारकोविल हें त्यांतलें मुख्य. पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या काळचें, म्हणजे नऊशें वर्षांमागचें. सूर्य हाच मुख्य देव असलेलीं देवळें आपल्याकडे विरळा. येथें तो मध्यें उभा आहे आणि इतर ग्रह आपापल्या लहान देवळ्यांतून त्याच्याकडे तोंड करून आहेत. सूर्य मध्यें व ग्रह भोंवतीं हें पाहून आमच्यांतील एका गृहस्थांनीं कोपर्निकसाचें नांव काढलें. वाटाड्या हंसला. तो तमिळ पदवीधर, इंग्रजी स्वच्छ बोलणारा, म्हणाला, "साहेब, येथें चंद्रही ग्रहच आहे आणि राहु-केतूही. आपलें गणित येथें जुळणार नाहीं."

राहूचें क्षेत्र तिरुनागेश्वरम्. तेथें राहु नुसतें शिर नसून दोन्ही पत्न्यांसह मनुष्यरूपानें बसला आहे. राहुकाळीं त्याजवर दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळतांना तें दूध निळें होतें, अशी श्रद्धा आहे. आम्ही दाटींत उभे होतों; दूध निळसर दिसलें असें शेजारच्या बाई म्हणाल्या, आम्हांस तें पांढरें दिसलें. तीन दिवसांवर ग्रहण आलेलें, त्यामुळें गर्दी विलक्षण होती.

त्या गर्दींत उभे असतां आम्हांस ब्रह्मगुप्त आठवला. ज्या वाचकांस ही कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांत स्वर्भानु नामक असुरानें सूर्यास तमानें वेधलें व अत्रीनें तो सोडविला, असें सूक्त आहे. पुढें पुराणांनीं त्याचाच राहु केला. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें स्वच्छ सांगितलें कीं सूर्यास चंद्र झांकतो आणि चंद्रास पृथ्वीची छाया. वराहमिहिरानेंही राहूचें कर्तृत्व नाकारलें. त्यांच्यानंतर आला ब्रह्मगुप्त. त्याचा ग्रंथ इ. स. ६२८ चा. ग्रहणाचें गणित तो बिंबें व छाया धरूनच करतो, आणि तें बिनचूक करतो; परंतु त्याच ग्रंथांत, राहु नाहीं म्हणणारे हे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध जातात, म्हणून आर्यभटादिकांस दोषही देतो. अल्बेरूनीनें अकराव्या शतकांत नेमकें येथेंच बोट ठेवलें, कीं एवढा जाणता पुरुष असें कां लिहितो? लोकांच्या भयानें कीं काय? आम्ही वर्गांत ही गोष्ट सांगत असतां ब्रह्मगुप्ताविषयीं दोन तिखट शब्द बोलत असूं, व मुलें हंसत. तिरुनागेश्वरास तें हंसें आठवलें तेव्हां आम्हीं मान वळवून सौ. कोठें आहे तें पाहिलें. ती रांगेंत पुढें गेली होती आणि एका अनोळखी बाईच्या कडेवरच्या मुलाशीं खेळत होती.

तंजावराविषयीं फार लिहीत नाहीं. त्यावर पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. राजराज चोळानें १०१० सालीं पुरें केलेलें बृहदीश्वराचें देऊळ, त्याचें साठ मीटर उंचीचें विमान, हें सर्व प्रत्यक्षच पाहावें. या विमानाची सावली भुईवर पडत नाहीं, असें यात्रेकरूंस सांगण्याची तेथें रीत आहे. सावल्यांच्याच मागावर निघालेले आम्ही, तेव्हां उत्तरेच्या अंगास जाऊन पाहिलें; सावली चांगली ऐसपैस पडली होती, आणि तींत बसून दोन कुटुंबें भात खात होतीं. मराठी माणसाचे पाय मात्र थबकतात ते त्या देवळाच्या भिंतीवरील मराठी शिलालेखापाशीं. १८०३ सालीं दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळीं भोंसल्यांचा वंशवृत्तान्त येथें देवनागरींत कोरविला. व्यंकोजीपासून १८५५ पर्यंत येथें मराठ्यांचें राज्य होतें. सरस्वतीमहालांत मोडीचीं बाडें अजून आहेत. तेथें एका तंजावरी देशस्थ गृहस्थांची गांठ पडली. त्यांचें मराठी आमच्या पणजीच्या मराठीसारखें, तमिळ हेल लागलेलें. त्यांनीं आस्थेनें चौकशी केली आणि ग्रहण पाहावयास आलों असें ऐकतांच गंभीर होऊन विचारलें, "मग वेध पाळणार कीं नाहीं?"

हा प्रश्न आमच्या मंडळींतही पेटलेलाच होता. ग्रहण २६ ला सकाळीं आठाच्या पुढें लागणार. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधीं, म्हणजे आदल्या रात्रीं आठापासून. मुलें, आजारी व वृद्ध यांस सवलत आहे. आतां वृद्ध कोण, यावर पंचवीस तारखेस तिरुचिरापल्ली ते दिंडीगुल या वाटेवर मोटारींत मोठा वाद झाला. एरव्हीं वय चोरणारीं मंडळी भराभर सत्तरी गांठूं लागलीं. शेवटीं व्यवस्थापकानें तोड काढली, कीं संध्याकाळीं सातांस सर्वांचें जेवण उरकावें. सकाळचा उपमा ज्यास हवा त्यास मिळेल, ज्यास नको त्याचा मोक्षानंतर गरम करून देऊं. निम्म्यांनीं सकाळचा घेतला. सौ. नें वेध पाळले, आणि आम्हींही पाळले. कां पाळले असें कोणी विचारील तर, त्या घटकेस तिच्यावेगळें ताट घेऊन बसावेसें वाटलें नाहीं, एवढेंच सांगतां येईल.

दिंडीगुल हें गांव एका उघड्या खडकाच्या पायथ्याशीं आहे. तमिळांत तिंडु म्हणजे उशी व कल् म्हणजे दगड. खडकाचा आकार पाहतां नांव यथार्थ आहे. वर मदुरेच्या नायकांनीं आरंभिलेला व पुढें हैदर-टिपूंनीं राखलेला किल्ला. गांवाचा लौकिक कुलुपांचा. हातानें घडविलेलीं हीं अजस्र कुलपें आतां कमी होत चालली आहेत, सौ. नें बाजारांत एक घेतलें. तें आम्हीं तोलून पाहिलें तर वरवंट्याची आठवण झाली.

सव्वीसची सकाळ. गांवाबाहेर नारळीच्या बागेलगत एक मोकळें रान व्यवस्थापकानें आधींच पाहून ठेवलें होतें. सातांपासून पातळ ढग होते आणि सर्वांचीं तोंडें उतरलीं होतीं. आठानंतर ते विरले. प्रत्येकास काळ्या पडद्याचे चष्मे दिले होते, आणि काजळी धरलेली कांच किंवा पाण्यांतील प्रतिबिंब यांवर विसंबूं नये, कंकण पडलें तरी चष्मा क्षणभरही काढूं नये, कारण खग्रासाप्रमाणें यांत सूर्य पुरता कधींच झांकला जात नाहीं, हें दहा वेळां बजावलें होतें. आठ वाजून गेल्यावर थोड्याच वेळांत दुर्बीणवाल्या तरुणानें "स्पर्श!" अशी आरोळी दिली. सूर्याच्या कडेस कोणी नख लावावें तसा खांचा दिसला.

मग दीड तास तो खांचा वाढत गेला. आचाऱ्याजवळचा झारा मागून घेऊन आम्हीं पांढऱ्या पंचावर त्याची सावली धरली. झाऱ्याच्या प्रत्येक छिद्रागणिक एकेक कोर उमटली. मंडळी भोंवतीं जमली आणि आम्ही पुनः मास्तर झालों. आचारी म्हणाला, "गुरुजी, वीस वर्षें ह्यानें बुंदी पाडली, हें नव्हतें पाडलें." नवाच्या पुढें ऊन निस्तेज झालें. संध्याकाळच्या उन्हासारखें तें पिवळें नव्हतें. रंगच निघून गेल्यासारखें, कांचेंतून आल्यासारखें होतें. वाऱ्यांत गारवा आला. कावळे बागेकडे वळले.

साडेनवाच्या सुमारास कोरीचीं दोन टोंकें एकमेकांकडे धांवलीं आणि जुळलीं. तें कंकण आम्हीं पाहिलें. त्याचें वर्णन करण्याचा खटाटोप करीत नाहीं. तें अतिशय सुरेख होतें, अतिशय शांत होतें, आणि चित्रांत दिसतें त्याहून पुष्कळ लहान होतें. तें तीन मिनिटें टिकणार होतें. एक मिनिट गेलें असेल. सौ. ला "पाहिलेंस का?" असें म्हणावयास आम्ही वळलों, तों ती जागेवर नव्हती.

बागेच्या राखणदाराचें घर रानाच्या कडेस होतें. नारळीच्या झावळ्यांनीं शाकारलेली एक खोली. सकाळीं आम्ही आलों तेव्हां तेथें एक पोरसवदा मुलगी उभी होती, दिवस भरत आलेली, आणि तिच्या आजीनें तिला हाताला धरून आंत नेलेलें आम्हींही पाहिलें होतें. पाहिलें आणि सोडून दिलें. आतां चष्मा हातांत घेऊन, कंकणाकडे पाठ करून, आम्ही त्या घराकडे जवळजवळ धांवतच गेलों. दार अर्धें उघडें होतें.

आंत अंधार होता, आणि अंधारांत शेंकडों कंकणें पडलीं होतीं. झावळ्यांच्या फटीफटींतून तीं आलीं होतीं: भुईवर, घागरीच्या पोटावर, भिंतीला टेकून बसलेल्या त्या मुलीच्या निळ्या लुगड्यावर. अंगठीएवढीं, कलत्या उन्हानें किंचित् लांबट झालेलीं. वाऱ्यानें झावळी हाले तसतशीं तींही थरथरत होतीं. मुलगी हात मांडीवर घट्ट ठेवून बसली होती. आमची सौ. तिच्यासमोर भुईवर बसली होती. तिचा हात पुढें होता आणि तळहातावर एक कंकण होतें. तिनें मूठ मिटली. कंकण मुठीच्या पाठीवर आलें. मूठ उघडली, तें पुनः तळहातावर. मुलीला हंसूं आलें. मग तिनेंही एक हात मांडीवरून उचलून पुढें केला. दाराआडून आजी मोठ्यानें कांहीं बोलली. त्यांतला ग्रहणम् एवढाच शब्द आम्हांस कळला. मुलीनें हात मागें घेतला नाहीं. आजी दोन पावलें पुढें आली, नातीच्या हाताकडे पाहत उभी राहिली, आणि मग खालीं बसली.

बाहेर टाळ्या झाल्या. भुईवरचीं कंकणें एका बाजूनें तुटलीं व त्यांच्या पुनः कोरी झाल्या.

परक्याच्या घरांत, भाषा येत नसतां, हें करावें कीं नाहीं, असा प्रश्न आम्हांस मागाहून पडला. तो अजूनही सुटलेला नाहीं. त्या मुलीचें पुढें काय झालें हें आम्हांस कळण्याचा मार्ग नाहीं. तिचें सर्व ठीक झालें असेल, जसें बहुतेकांचें होतें. आणि कांहीं उणें निघालेंच, तर एका म्हाताऱ्या परदेशी बाईचें नांव त्या घरांत निघालें असेल.

मोक्ष सव्वाअकराच्या सुमारास झाला. विहिरीच्या पंपावर ज्यांस स्नान करावयाचें होतें त्यांनीं केलें, सौ. नें केलें, आम्हींही केलें. उपमा खरोखरच गरम मिळाला. मदुरेस निघालों तेव्हां मोटारींत सगळे एकमेकांस आपापलीं छायाचित्रें दाखवीत होते. सौ. खिडकीशीं बसली होती. आम्हीं हळू आवाजांत म्हटलें, "मीं आईला तेव्हांच सांगायला हवें होतें."

"हवें होतें," ती म्हणाली, आणि पिशवींतून केळें काढून अर्धें आम्हांस दिलें.

मदुरेस मीनाक्षीचें दर्शन संध्याकाळीं घडलें. सकाळभर बंद असलेलें देऊळ शुद्धि होऊन उघडलें होतें आणि दगडी फरश्या अजून ओल्या होत्या. परतीच्या वाटेंत रायचूर कोणत्या वेळीं गेलें तें समजलें नाहीं. आम्ही दोघेही गाढ झोंपलों होतों.

पुण्याच्या स्टेशनावर कन्या न्यावयास आली होती. तिनें वाकून नमस्कार केला तशी सौ. नें तिच्या उजव्या कानावरचे केंस बाजूस सारले आणि ती पाळी पाहिली, अंगठ्यानें चांचपून पाहिली.

"अग आई, हें काय? लोक बघताहेत," कन्या म्हणाली.

सौ. नें पिशवींतून दिंडीगुलचें कुलूप काढून तिच्या हातांत ठेवलें, "जड आहे, नीट धर" असें सांगितलें, आणि सामानाचे डाग मोजूं लागली.